मेथीतली टाच

माझी उजवी टाच सध्या घाटकोपरला कुणाच्या तरी मेथीत आहे. खरी नव्हे. खरी इथेच आहे, ठणकतेय. मेथीत गेली ती सिलिकॉनची.

टाचपुराण थोडक्यात सांगते. सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकलं की ब्रह्मांड आठवतं, चालत राहिलं की जरा ओसरतं. डॉक्टर म्हणाले, प्लांटर फॅशियायटिस. टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत तळव्याला एक पट्टा असतो, तो रुसलाय. एक्स-रेत हाड वाढलेलं दिसलं म्हणून मी हवालदिल, तर म्हणे तसं काहीच दुखत नसलेल्यांनाही असतं. पोटऱ्या ताणा, गोठवलेली बाटली तळव्याखाली फिरवा, बुटात पॅड घाला. मापाचे महागडे नकोत, बहुतेकांना तयारच पुरतात. खर्च वाचवणारा डॉक्टर! मी तिथेच शरण गेले.

आता पॅडने टाच वर उचलली जाते, म्हणून ती बुटातून निसटते, आणि पॅड सरकत सरकत तळव्याच्या मध्यावर मुक्कामाला जातं. परवा ठाणे लोकलमध्ये बसायला मिळालं, तेव्हा बूट काढून ते बाहेर ओढलं.

"कितीला घेतलं गं?"

फोर्थ सीटवरच्या, म्हणजे तिघींच्या बाकावर कडेला चौथ्या टेकलेल्या मावशी. मांडीवर वर्तमानपत्र, त्यावर मेथीची जुडी. मी किंमत सांगितली. त्यांनी देठ बाजूला ठेवून पॅड उचललं, दाबलं, उजेडाकडे धरलं. मग माझ्या छातीकडे एक नजर टाकून, आख्ख्या डब्याला ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणाल्या, "तुला कशाला हवंय? चांगली तर आहेस."

"मावशी, टाचेचं आहे ते!"

"टाचेला कोण बघतंय?"

समोरच्या मुलीने फोनमध्ये तोंड खुपसलं. क्लिपा-कानातली विकणारी थांबून म्हणाली, "ताई, शंभरला जोडी आणून देते. स्किन कलर."

"दुखते हो टाच!" मी जवळजवळ ओरडलेच.

मावशी एकदम खुलल्या. दुखणं हा त्यांचा प्रांत. "मग वीट तापव. वीटेवर रुईचं पान, पानावर टाच."

"वीट कुठून आणू?"

"अख्खी मुंबई पाडतायत आणि तुला वीट मिळेना?"

"हल्ली सिमेंटचे ब्लॉक असतात हो."

"रुई तरी मिळते ना? शनिवारी मारुतीच्या देवळाबाहेर माळा घेऊन बसतात. एक पान मागून घ्यायचं. मारुतीचं कधी दुखलं का बघ, एवढा समुद्र ओलांडला."

"उडी मारून ओलांडला. दादरचा पूल नव्हता चढायचा त्याला."

यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की अशा वृत्तीला टाचदुखी कमीच आहे. तेवढ्यात घाटकोपर आलं. मावशींनी चारी कोपरे उचलून वर्तमानपत्र पिशवीत कोंबलं. पानं, देठ, माझं पॅड, सगळं आत. मी एका पायात बूट, एका पायात मोजा अशी "मावशी! माझी टाच!" म्हणून उठले. दारातली एक म्हणाली, "पाय देऊ नका ना अंगावर."

दुकानदाराला म्हटलं, एकच द्या. जोडीच विकतो म्हणाला. एका पायात घालून चालू का, तर डॉक्टर म्हणतात दोन्ही पाय सारख्या उंचीवर हवेत. घेतली नवी जोडी.

पण खरा राग मावशींवर नाहीच. ही पॅडं ज्या कुणी काढली, तो घरातही बूट घालून फिरत असणार. आपल्याकडे पाय बुटात असतो किती वेळ? घरात शिरताना काढा, शेजारी काढा, सत्यनारायणाला काढा, सिद्धिविनायकाच्या दारात काढा. उरलेला सगळा वेळ फरशीवर, कडक, अनवाणी. घरात घालायला मऊ रबराची एमसीआर चप्पल आणली, तर सासूबाई म्हणाल्या, स्वयंपाकघरात चप्पल? ओट्यापाशी दीड तास उभं राहणं मात्र चालतं त्यांना. टाच माझी, सोवळं त्यांचं.

कालच फिजिओथेरपीला गेले. दारावर पाटी, 'चपला-बूट बाहेर काढावेत'. काढले. संगमरवरी फरशीवरून लंगडत आत पोचले. बाईंनी पायाकडे पाहून कपाळाला आठी घातली.

"इनसोल वापरत नाही वाटतं?"

"वापरते ना. तुमच्या दाराबाहेर आहेत."