केनोडॉक्सिया म्हणजे ‘गर्व’ नव्हे

केनोडॉक्सिया या ग्रीक शब्दापुढे ‘गर्व, अहंकार’ लिहून मोकळं होणारी भाषांतरं मला पटत नाहीत. शब्द फोडून बघा. ‘केनोस’ म्हणजे पोकळ. ‘डॉक्सा’ हे ‘वाटणे, भासणे’ या क्रियापदावरून आलेलं. म्हणजे आधी नुसतं मत, मग लोकांचं आपल्याविषयीचं मत, अर्थात लौकिक.

ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरस म्हणतो, काही इच्छा निसर्गातून नव्हे, पोकळ मतातून उपजतात. त्यावरच्या जुन्या टिपेत उदाहरण आहे डोक्यावरच्या मुकुटांचं आणि स्वतःच्या पुतळ्यांचं. (हे आपल्याला फोडून सांगायला नको.)

पुढे हिब्रू धर्मग्रंथ ग्रीकमध्ये आले तेव्हा ‘कावोद’साठी डॉक्सा वापरला गेला. कावोदचा धातू ‘जड असणे’ असा. तेव्हापासून डॉक्सा म्हणजे गौरव, तेज. केनोडॉक्सिया मग माझ्या मते वजन नसलेलं मोठेपण.

खरा घोळ ख्रिस्ती परंपरेतल्या पापांच्या यादीत आहे. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या एवाग्रियस या ख्रिस्ती साधूने मनाला छळणारे आठ विचार मांडले. त्यात केनोडॉक्सिया सातवी आणि गर्व, म्हणजे ‘हिपेरेफानिया’, आठवा. दोन्ही वेगळे. गर्विष्ठाला वाटतं, चांगलं ते सगळं माझंच, देवाचा हात त्यात नाही. केनोडॉक्सियाला मात्र बघणारे लागतात. एकांतातला साधू मनाशी चित्रं रंगवतो: दाराशी गर्दी, आजारी बरे होताहेत, लोक आपल्याला बांधून पुरोहितपदावर बसवायला नेताहेत! बाकीचे विचार हरले की हीच उरते, कारण त्यांना हरवल्याचीच फुशारकी मारता येते. त्याच्या विचारांचा प्रभाव असलेला कॅसियन कांद्याची उपमा देतो, एक पापुद्रा काढला की खाली दुसरा. भारी कपडे टाकले तर फाटक्यांचा डौल, बोलणं सोडलं तर मौनाचा.

सहाव्या शतकाच्या शेवटी पोप ग्रेगरीने गर्वाला सगळ्यांचं मूळ ठरवून वेगळं काढलं आणि उरलेल्या सात मुख्य पापांत पोकळ लौकिक, म्हणजे केनोडॉक्सिया, ठेवला. नंतरच्या प्रचलित यादीत त्या जागी गर्वच बसला आणि हा शब्द मागे पडला.

मराठी बायबलात, पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्रात २:३ मध्ये, केनोडॉक्सियासाठी ‘पोकळ डौल’ आहे. केनोस म्हणजे पोकळ, हे नेमकं पकडलंय. चारच ओळींनंतर, २:७ मध्ये, ख्रिस्ताने स्वतःला ‘रिकामं केलं’ म्हणताना पौल त्याच धातूचं क्रियापद वापरतो. वर ‘गर्व’ लिहिलंत, तर हा धागा तुटतो.