कृष्णेच्या पाण्यात गॅडोलिनियम मोजले जावे

गेल्या महिन्यात आईच्या एमआरआयसाठी मिरजेतल्या एका तपासणी केंद्रात गेलो होतो. मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे हे सांगणाऱ्या क्रिएटिनिनचा ताजा अहवाल हातात आल्याशिवाय तिथल्या तंत्रज्ञांनी कॉन्ट्रास्टचे, म्हणजे चित्र अधिक स्पष्ट दिसावे म्हणून द्यायचे, इंजेक्शन दिले नाही, आणि त्यांचा हा आग्रह अगदी योग्य होता. त्या इंजेक्शनमध्ये गॅडोलिनियम असते, जे दुर्मीळ मृदा गटातल्या १७ मूलद्रव्यांपैकी एक आहे. त्याच्या मोकळ्या आयनाचा आकार जवळजवळ कॅल्शियमच्या आयनाएवढा असल्यामुळे ते शरीरातल्या कॅल्शियमच्या कामात अडथळा आणते. म्हणून औषधात ते एका सेंद्रिय रेणूच्या पकडीत बांधलेले असते. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णांत ते रेंगाळते, पकड सुटू लागते आणि त्वचा व सांधे आखडवणारा आजार होऊ शकतो, हे २००६ साली लक्षात आले. पुढे मूत्रपिंडे चांगली असलेल्यांच्या मेंदूतही त्याचा अंश आढळला, तेव्हा २०१७ मध्ये युरोपने सैल पकडीची काही औषधे थांबवली.

मूत्रपिंडे धडधाकट असतील तर एका दिवसात बहुतेक सगळे औषध लघवीवाटे निघून जाते. निघून कुठे जाते, याचा विचार मात्र आपण करत नाही. हे संयुग इतके टिकाऊ आहे की नेहमीच्या सांडपाणी प्रक्रियेत ते फारसे अडत नाही. बर्लिनच्या नद्यांमध्ये ते सापडल्याचे १९९६ मध्येच प्रसिद्ध झाले. मिरज ही वैद्यकीय पंढरी आहे. कर्नाटकापासून सोलापूरपर्यंतचे रुग्ण इथे येतात, आणि नदीच्या प्रवाहात मिरजेच्या खाली असलेल्या म्हैसाळहून उचललेले कृष्णेचे पाणी जत, कवठेमहांकाळच्या शिवारांत पोहोचते.

मला कुणालाही घाबरवायचे नाही. एमआरआय टाळू नका. नद्यांत सापडणारे प्रमाण अतिशय अल्प असते आणि बांधलेले गॅडोलिनियम आतड्यातून फारसे शोषलेही जात नाही. द्राक्षबागांतल्या सुपरफॉस्फेटमधूनही या गटातली मूलद्रव्ये जमिनीत येतात, पण ती बहुतांशी मातीलाच घट्ट धरून राहतात. तरीही वर्षानुवर्षे रोज पोटात जाणाऱ्या अल्प मात्रेचा हिशेब एकदाच घेतलेल्या इंजेक्शनच्या हिशेबाने मांडता येत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या मानकात शिसे, आर्सेनिक, कॅडमियम आहेत. दुर्मीळ मृदा गटातले एकही मूलद्रव्य नाही.

मोजणे अशक्य नाही. खडकांतून नदीत येणाऱ्या गॅडोलिनियमचे समेरियम, टर्बियम या शेजाऱ्यांशी ठरावीक प्रमाण असते; त्याहून जास्त सापडलेले गॅडोलिनियम माणसाने सोडलेले, असे ओळखता येते. सांगलीच्या वरच्या अंगाला भिलवडीजवळचा एक आणि मिरजेच्या खाली म्हैसाळजवळचा एक, असे दोन नमुने दर ऋतूत तपासले तरी सांगली-मिरजेचा वाटा डोळ्यांसमोर येईल. तोवर एमआरआय केंद्रांनी कॉन्ट्रास्ट घेतलेल्या रुग्णाला निदान पहिल्या काही तासांची लघवी साठवण्यासाठी पिशवी द्यावी आणि ती वेगळी गोळा करावी. आईला त्या दिवशी तशी पिशवी मिळाली असती, तर आम्ही ती आनंदाने परत आणून दिली असती.