क्रूझची पूर्ण रक्कम आधी सांगायला यांचं काय जातं?

दिवाळीची नाहीतर मेची सुट्टी जवळ आली की टूरवाल्यांचे मेसेज धडाधड येऊन पडतात: ‘आलिशान क्रूझ, प्रति व्यक्ती फक्त २४,९९९ पासून!’ डोकं फिरतं ते या ‘पासून’मुळे. हा दर असतो खिडकी नसलेल्या सगळ्यात स्वस्त इनसाइड केबिनचा, तोही केबिनमध्ये दोन मोठी माणसं धरून आणि बिनसुट्टीच्या तारखेचा. पोर्ट चार्जेस, जीएसटी, ग्रॅच्युइटी (म्हणजे जहाजावरच्या कर्मचाऱ्यांची टिप) वेगळे, परदेशी टूर असेल तर वर टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने आधीच वसूल करायचा आयकर. ज्यांची मुलं शाळेत जातात त्यांना हा दर कधीच मिळणार नसतो. विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं, तरी तो जाहिरात नेमकी त्यांनाच पाठवतो.

एकट्या ग्रॅच्युइटीचा हिशेब बघा. मोठ्या आंतरराष्ट्रीय जहाजांवर ती माणशी दिवसाला साधारण १६ ते २० डॉलर असते. १८ धरा. चार माणसं, तीन रात्री, झाले २१६ डॉलर, म्हणजे अठरा हजारांच्या वर. बहुतेक कंपन्या ती लहान मुलांचीही घेतात. जहाजावरच्या खात्यातून ती आपोआप वळती होते, आणि कार्ड आपल्याकडचं असेल तर बँक त्यावर परकीय चलनाचा मार्कअप, म्हणजे जादा आकार, लावते. हे कोटेशनमध्ये एका ओळीत लिहिता येत नाही?

‘तिसरा-चौथा प्रवासी फ्री’ ही अशीच फसवी ऑफर. फ्री असतं ते फक्त मूळ भाडं. पोर्ट चार्जेस, टॅक्स, ग्रॅच्युइटी त्या दोघांचीही पूर्ण. आणि आजी एकट्या वेगळ्या केबिनमध्ये राहणार असतील तर त्यांना बहुतेक वेळा दोघांचं भाडं पडतं, कारण भाव केबिनचा असतो, माणसाचा नसतो. ‘प्रति व्यक्ती’ म्हणून जाहिरात करणाऱ्याने हे पहिल्या फोनवर सांगायला हवं. सांगतो कधी, तर ॲडव्हान्स घेतल्यावर.

जाहिरातीतल्या फोटोंचं तर विचारूच नका. आयकॉन ऑफ द सीज हे २० डेकचं (मजल्यांचं), कमाल ७,६०० प्रवाशांचं जहाज. मुंबईहून गोवा-लक्षद्वीप करणारं एम्प्रेस १९९० सालचं आहे, आकाराने त्याच्या साधारण पाचवा हिस्सा. छोटं जहाज वाईट असं मुळीच नाही. पण गोव्याच्या ट्रिपच्या ब्रोशरवर दुसऱ्याच महाकाय जहाजाच्या वॉटर स्लाइड छापणं ही सरळ फसवणूक आहे. जहाजाचं नाव विचारा आणि त्याच नावाचा डेक प्लॅन मागा.

आता केबिन. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच घालतात. ‘चौघांची केबिन’ म्हणजे साधारण १५०-१७० चौरस फुटांची खोली, बाथरूम त्यातच. खाली एक डबल बेड, वर छतातून उघडणारे दोन बर्थ आणि शिडी. सत्तरीच्या माणसाला त्या शिडीवर चढवणार आहात का? त्यापेक्षा दोन इनसाइड केबिन घेतल्या तर कधीकधी एका बाल्कनीवाल्या केबिनच्या आसपासच खर्च येतो आणि बाथरूम दोन मिळतात. फक्त बुकिंगमध्ये प्रत्येक केबिनमध्ये एक मोठा माणूस दाखवावा लागतो.

इथे एजंट हमखास घोळ घालतो. तुम्ही कनेक्टिंग मागता, म्हणजे मधे आतून दार. तो शेजारशेजारच्या देतो आणि ‘एकच आहे हो काका’ म्हणून मोकळा होतो. एकच कसं? रात्री पोरगं रडलं तर कॉरिडॉरमधून फेऱ्या मारायच्या? आणखी वाईट म्हणजे स्वस्तात पडतं म्हणून गळ्यात मारलेली गॅरंटी केबिन. तिच्यात गॅरंटी फक्त केबिनच्या प्रकाराची. नंबर कंपनी नंतर देते, उरलेल्यांतून, कधी निघायच्या काही दिवस आधी. दोन केबिन अशा घेतल्या की आजी-आजोबा चौथ्या डेकवर पुढच्या टोकाला आणि तुम्ही नवव्या डेकवर मागे. कुटुंबाला हे विकणाऱ्याला लाज वाटायला हवी.

नंबर हातात आला की वरचा आणि खालचा डेक तपासा. वर पूल डेक किंवा बुफे असेल तर पहाटेपासून खुर्च्या ओढल्याचा आवाज, खाली थिएटर किंवा डिस्को असेल तर मध्यरात्रीपर्यंत ढणढण. बोट लागत असेल तर खालच्या डेकवर, जहाजाच्या मध्यावर केबिन घ्या, तिथे हेलकावे सगळ्यात कमी. आणि ‘सी व्ह्यू’ स्वस्त दिसला तर खिडकीसमोर लाइफबोट टांगलेली आहे का ते विचारा.

चार जणांची केबिन रिकामी दिसते, तरी बुकिंगची सिस्टीम तिसरं-चौथं नाव घेत नाही, असंही होतं. जहाजाच्या त्या भागातल्या लाइफबोटींची माणसांची मर्यादा भरलेली असते. एजंट मात्र ‘सर्व्हर डाउन आहे, उद्या बघू’ म्हणत आठवडा घालवतो. तोवर दुसऱ्या भागातल्या केबिनही जातात.

‘३ रात्री ४ दिवस’ हाही शब्दांचा खेळ. पहिल्या दिवशी चढेपर्यंत दुपार होते, शेवटच्या दिवशी सकाळी आठ-नऊला केबिन सोडावी लागते. हातात उरतात दोन दिवस.

व्हिसाबद्दल तर यांचा निष्काळजीपणा अक्षम्य आहे. सिंगापूरहून निघून पेनांग, फुकेत करून जहाज परत सिंगापूरला येतं, तो पुन्हा नवा प्रवेश धरतात. अथेन्सहून ग्रीक बेटं करताना तुर्कस्तानातल्या कुशादासीला जहाज लागलं की तुम्ही शेंगेनबाहेर (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटाबाहेर) जाता. मल्टिपल एंट्री, म्हणजे पुन्हा आत येऊ देणारा व्हिसा, नसेल तर बोर्डिंगलाच अडवतात, आणि पैसे परत मिळत नाहीत. जहाज सुटायच्या दिवशीच सकाळी पोहोचणारं विमान काढून देणारेही आहेत. विमान लेट झालं तर जहाज थांबत नाही. आदल्या दिवशी पोहोचणारंच तिकीट मागा, एका रात्रीच्या हॉटेलचे पैसे गेले तरी चालतील.

आणि रद्द करायची वेळ आली की यांचा सूरच बदलतो. कंपनीच्या नियमात निघायची तारीख जशी जवळ येते तशी कपात वाढते, शेवटच्या टप्प्यात शंभर टक्के. त्यावर एजंट स्वतःचा सर्व्हिस चार्ज आणखी कापतो, आणि तो पावतीवर कुठेच लिहिलेला नसतो. ॲडव्हान्स देण्याआधी दोन्ही कपातींचा तारखांसह तक्ता ईमेलवर मागा. ‘आज ब्लॉक नाही केलं तर रेट वाढेल’ म्हणून कितीही घाई केली तरी तो तक्ता आल्याशिवाय जीपे करू नका.