एका घोरण्याचा बोभाटा

मी घोरतो. ही बातमी बावीस वर्षं घरातल्या घरात होती. भिंतींना कान असतात हे मान्य, पण आमच्या भिंतींना तोंड नव्हतं.

एका मध्यरात्री बायकोने उशी काखोटीला मारून दुसऱ्या खोलीत प्रयाण केलं. तेव्हा मी लॅपटॉप उघडून ‘घोरणे कसे थांबवावे’ असं शोधलं. एकदाच. तेही मागे खूण न ठेवणाऱ्या इनकॉग्निटो खिडकीत, म्हणजे काळ्या टोपीवाल्या त्या माणसाच्या साक्षीने. फक्त सवयीने त्याच खिडकीत आधी मेल उघडली होती. बुरखा पांघरून निघालो आणि दारातच ओळखपत्र दाखवलं, असा तो प्रकार.

दुसऱ्या दिवशी बातम्यांच्या शेजारी नाकाला लावायच्या पट्ट्या आल्या. हवामानाच्या अंदाजाखाली हनुवटी बांधायचा पट्टा आला. तिसऱ्या दिवशी बायकोच्या फोनवर ‘तुमचे पती घोरतात का?’ असा थेट प्रश्न आला. तिने बापडीने काहीच शोधलं नव्हतं.

“मी इतकी वर्षं सांगत होते तेव्हा पटलं नाही,” ती म्हणाली. “आता बघा, बाहेरच्यांनाही कळलं.”

भाच्याला फोन केला. तो संगणकातला. “मामा, एका वाय-फायवरची सगळी उपकरणं बाहेरून एकाच आयपी पत्त्यावरची, म्हणजे इंटरनेटवरच्या एकाच घर-क्रमांकाची, दिसतात. जाहिरातवाले ताडतात, ही एकाच घरातली माणसं.” मग म्हणाला, “ब्राउझरमध्ये एक एक्स्टेंशन, म्हणजे छोटा जोड-प्रोग्राम, टाका. कोण कोण बघतंय ते दिसेल.”

इथे मी चुकलो. कोण बघतंय हे माहीत नसताना मी सुखात होतो.

एक्स्टेंशन टाकल्यावर कोपऱ्यात एक छोटं चिन्ह आलं आणि त्यावर एक आकडा. बातमीचं पान उघडलं. आकडा ६, मग १४, मग २९, आणि शेवटी ३७ वर स्थिरावला. बातमी तीन परिच्छेदांची. म्हणजे परिच्छेदाला बारा माणसं, वर एक राखीव. चिन्हावर क्लिक केलं तर यादी उलगडली. एकही नाव ओळखीचं नाही. मी एका पानाला घरात घेतलं होतं, ते आपलं सगळं गोत घेऊन आलं होतं.

भाच्याने फोनवरच शिकवणी घेतली. पान एका ठिकाणाहून येत नाही. त्यातली जाहिरात एका सर्व्हरवरून, व्हिडिओ दुसऱ्या, शेअरचं बटण तिसऱ्या. ज्याच्याकडून तुकडा मागवला, त्याला कळतं की हे गृहस्थ अमुक पान वाचताहेत, आणि तोही आपली कुकी, म्हणजे ओळखीची छोटी चिठ्ठी, आपल्या ब्राउझरमध्ये ठेवून जातो. पुढच्या साइटवर त्याचाच तुकडा असला की ओळख पटते. कुकी १९९४ साली नेटस्केप या ब्राउझर कंपनीतल्या लू माँटुली यांनी काढली, ती साइटला आपला गिऱ्हाईक आठवावा म्हणून. आठवणीचा असा धंदा होईल हे तेव्हा कोणाच्या डोक्यात असणार?

यादीत एक ‘चित्र’ होतं. एक पिक्सेल रुंद, एक पिक्सेल उंच, वर पारदर्शक. मी भिंग घेऊन पडदा तपासला (खरंच तपासला, खोटं कशाला बोलू). कोणाला दिसू नये म्हणूनच काढलेलं हे चित्र. बघायचं काम आपण करायचं नसतं, ते करतं.

त्यानंतर मी वाचणं सोडलं आणि मोजणं धरलं. बायको काही उघडायला बसली की मी मागे उभा. “थांब, किती आहेत बघू.” “अहो, मला फक्त पाऊस पडणार का ते बघायचंय.” “पाऊस बघायला एकोणीस जण आलेत!” तिच्या मते विसावा मी होतो.

मग नुसतं मोजून भागेना. या बघ्यांना अडवणारी एक्स्टेंशन आणली: प्रायव्हसी बॅजर टाकला, यूब्लॉक ओरिजिन टाकलं, भाचा नको म्हणत असताना पानांतली बटणं चालवणारी जावास्क्रिप्टही बंद केली. आकडे धडाधड पडले. त्यांच्याबरोबर साइटही पडल्या. एका साइटवर बिल भरायला गेलो तर ‘पुढे जा’ हे बटण दाबलं जाईना. म्हणजे दाबलं जायचं, पुढे जायचं नाही. दुसरीने मी माणूस असल्याचा पुरावा मागितला. नऊ चौकोनांतले वाहतुकीचे दिवे दाखवा. दाखवले. आता जिने. दिव्याचा खांब हा दिव्यात धरायचा का, यावर मी घाम गाळत असताना बायकोने तिच्या फोनवरून बिल भरलं सुद्धा.

भाच्याने एवढ्यात ब्लॅकलाइट सुचवलं. ‘द मार्कअप’ या संस्थेने २०२० मध्ये काढलेलं हे साधन, कुठल्याही साइटचा पत्ता दिला की ते आत जाऊन झडती घेतं आणि पंचनामा हातात ठेवतं. मी शेजारीपाजारी सगळ्यांच्या झडत्या घेतल्या. मग सहज, केवळ स्वतःच्या निर्मळपणाची खात्री म्हणून, माझ्या कवितांच्या साइटचा पत्ता घातला.

पाच हेर निघाले.

माझ्या कवितांचे नियमित वाचक तीन, त्यातला एक मी. हेर पाच! कोणी आणले? मीच. वाचक मोजायला फुकटात मिळालेलं यंत्र एकाला घेऊन आलं. ‘ही कविता शेअर करा’ या बटणांबरोबर दोन आले. ती बटणं आजतागायत कोणी दाबलेली नाहीत, पण न दाबताही ती कळवत होती. कवितावाचनाचा व्हिडिओ लावला होता, त्यातून उरलेले दोघे. रात्रभर जागून मी सगळं काढलं. वाचकांचा आकडाही गेला. त्याचं दुःख झालं नाही, उलट झाकली मूठ झाली.

शेवटचा घाव ठशांचा. कुकी न ठेवताही ब्राउझर ओळखता येतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. पडद्याचा आकार, भाषा, वेळेचा पट्टा, फाँटांची यादी, असं बारीकसारीक एकत्र केलं की ठसा तयार. काही साइट तर आपल्या नकळत ब्राउझरकडून एक अदृश्य चित्र काढून घेतात. त्यात एक निरर्थक वाक्य लिहायला लावतात आणि अक्षरं कशी उमटली त्यावरून यंत्र ओळखतात. हस्ताक्षरावरून माणूस ओळखावा तसं. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी झटणाऱ्या संस्थेने २०१० मध्ये सुमारे ४,७०,००० ब्राउझर तपासले, तेव्हा ८३.६ टक्के एकमेवाद्वितीय निघाले. त्यांची चाचणी ‘कव्हर युअर ट्रॅक्स’ नावाने आजही आहे. मी ती केली.

निकाल: तपासलेल्यांत तुमच्यासारखा दुसरा कोणी नाही.

शाळेपासून हे वाक्य कोणीतरी म्हणावं अशी माझी इच्छा होती.

भाच्याने खालची यादी वाचली. “मामा, हे फाँट किती?” आता कवितेला शोभेल असं देवनागरी अक्षर शोधत मी वर्षानुवर्षं फाँट उतरवून घेतलेत. पल्लेदार, गोलसर, पत्रिकेचे, पाटीचे. एकशेचाळीस भरले. एवढी अक्षरं बाळगून जावास्क्रिप्ट बंद-चालू करत फिरणारा इसम जगात एकच. शिवाय मी ‘डू नॉट ट्रॅक’ही लावून ठेवलं होतं. ‘कृपया माझा माग काढू नये’ अशी ती विनंती. ती मानायची सक्ती जवळजवळ कुठेच नव्हती, उलट विनंती करणारा त्यामुळेच उठून दिसू शकतो म्हणून ॲपलच्या सफारी ब्राउझरने २०१९ मध्ये ती सोयच काढून टाकली. घोळक्यात लपायचं आणि हातात पाटी धरायची, ‘मी लपलोय’.

“फाँट काढा,” भाचा म्हणाला. मी दोन काढले. तिसरा काढताना हात थरथरला. त्याच्या ‘ळ’चं वळण असं आहे की, जाऊ दे.

तेवढ्यात बायको आली. “माझ्या फोनचं बघा.” तिने कधी काही टाकलं नाही, काही बंद केलं नाही, फोन डब्यातून निघाला तसाच आहे. चाचणी झाली. तिच्यासारखे पुष्कळ निघाले. त्या मॉडेलच्या फोनांच्या गर्दीत ती बेमालूम मिसळली होती.

“म्हणजे सुरक्षित ना?” तिने विचारलं.

“या बाबतीत, माझ्यापेक्षा पुष्कळच.”

ती थोडा वेळ दोन्ही पडद्यांकडे आलटून पालटून बघत राहिली.

“तुम्ही जगात एकमेव, आणि मी चारचौघींसारखी?”

त्या रात्री उशी काखोटीला मारून मी दुसऱ्या खोलीत गेलो.