पेसमेकरवरच्या त्या मेसेजला उत्तर

‘पेसमेकर बसवलेल्यांनी हे वाचाच’ असा एक मेसेज मला आधी भिशीच्या ग्रुपवर आला, मग गल्लीच्या, मग माहेरच्या. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं : डावा हात जन्मभर खांद्याच्या वर न्यायचा नाही. मोबाइल आणि मायक्रोवेव्ह घरातून बाद करायचे. मेटल डिटेक्टरमधून गेलं की मशीन जागेवर बंद पडतं. एमआरआय कधीच करता येत नाही. बॅटरी संपली की माणूस संपला. आणि पेसमेकरवाल्याचा जीव सुखासुखी जात नाही, कारण मशीन हृदय चालवतच राहतं.

मला स्वतःला पेसमेकर आहे. नुकतंच ऑपरेशन होऊन घरी आलेल्या माणसाच्या हातात हा मेसेज पडला तर त्याचं काय होत असेल, हे मला नीट कळतं. म्हणून हे उत्तर.

हाताचं आधी, कारण सगळ्यात जास्त नुकसान तेच करतं. पेसमेकर म्हणजे हृदयाचे ठोके मंदावले की विजेचा बारीक इशारा देणारं छोटं यंत्र. ते गळ्याच्या हाडाखाली, बहुतेक वेळा डाव्या बाजूला, कातडीच्या आत बसवतात आणि त्याच्या वायरी शिरेतून हृदयात सोडतात. वायरींची टोकं आत पक्की व्हायला वेळ लागतो. म्हणून साधारण ४ ते ६ आठवडे कोपर खांद्याच्या वर न्यायचं नाही, जड उचलायचं नाही, हाताला हिसका बसू द्यायचा नाही. हे बंधन खरं आहे आणि पाळायलाच हवं. पण ते जन्माचं नाही. त्या आठवड्यांतही हात खांद्याच्या खाली हलता ठेवायचा असतो. भीतीने तो छातीशी आवळून धरला की खांदा आखडतो आणि ते दुखणं महिनोन्‌महिने पुरतं. आमच्याकडे दूध घालायला येणारे मामा मला दोरीवर कपडे टाकताना बघून अजून ओरडतात, “वैनी, हात वर करू नगासा!” त्यांची माया कळते. पण डॉक्टरांनी मोकळीक दिल्यापासून मी अंबाडा दोन्ही हातांनी घालते आणि ओल्या साड्याही झटकून वाळत टाकते. कायमचं टाळायचं ते त्या जागेवर थेट मार बसेल असं काम. तालमीत लढत धरणाऱ्याने म्हणूनच आधी डॉक्टरांशी बोलावं.

मोबाइल बिनधास्त वापरा. यंत्रापासून १५ सेंटिमीटर, म्हणजे वीतभर, लांब ठेवा आणि उजव्या कानाला लावा. शर्टाच्या डाव्या खिशात मात्र नको, कारण काही नव्या फोनमध्ये चांगलेच लोहचुंबक असतात. चुंबक अगदी जवळ आला तर पेसमेकर बंद पडत नाही. तो तेवढ्यापुरता एका ठरावीक गतीने ठोके देतो आणि चुंबक लांब गेला की पूर्ववत होतो. मायक्रोवेव्हची काळजी सोडा. इंडक्शन शेगडीपासून मात्र दोन फूट लांब राहा.

आमच्या कोल्हापुरात अंबाबाईच्या दर्शनाला जाताना किंवा उजळाईवाडीला विमान धरताना डिटेक्टरची चौकट आली, तर नेहमीच्या चालीने पार व्हा. तिथे रेंगाळू नका, टेकून उभे राहू नका. हातातलं डिटेक्टर छातीवर धरायला लागले, तर पेसमेकरचं कार्ड दाखवून हाताने तपासा म्हणावं.

एमआरआयचं म्हणणं जुनं झालं. एमआरआय चालेल असे पेसमेकर निघून बरीच वर्षं झाली. अमेरिकेत अशा पहिल्या पेसमेकरला २०११ मध्ये मान्यता मिळाली. आपला कोणता, ते कार्डावरून डॉक्टर सांगतात आणि तपासणीपुरतं सेटिंग बदलतात.

बॅटरी टॉर्चसारखी फट्‌दिशी जात नाही. ती बहुधा ८ ते १२ वर्षं चालते, आणि ती संपत आल्याचं तपासणीत काही महिने आधी दिसतं. तेव्हा यंत्र बदलतात. वायरी चांगल्या असतील तर त्याच ठेवतात. कातडीखाली बसवलेला जगातला पहिला पेसमेकर ८ ऑक्टोबर १९५८ ला स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन यांना बसवला. तो काही तासांतच बंद पडला. लार्सन यांना आयुष्यभरात २६ यंत्रं लागली आणि ते २००१ मध्ये, वयाच्या ८६व्या वर्षी, कॅन्सरने गेले.

जीव न जाण्याचं तर साफ खोटं. पेसमेकर फक्त बारीक विजेचा इशारा देतो. मरणाच्या वेळी हृदयाचा स्नायू त्या इशाऱ्याला दादच देत नाही. घरच्यांना सांगून ठेवायची गोष्ट वेगळीच आहे : दहनाआधी यंत्र काढून घ्यावं लागतं, कारण आगीत बॅटरी फुटते. घरात हे बोलणं जड जातं, तरी बोलावं.

मनाबद्दल त्या मेसेजमध्ये अक्षर नाही. सुरुवातीला आरशात तो उंचवटा बघवत नाही. डाव्या कुशीवर वळलं की छातीत काहीतरी सरकल्यासारखं वाटतं. बोटं सारखी नाडीवर जातात. अनेकांचं मशीन मिनिटाला ६० च्या आसपास लावलेलं असतं : स्वतःचे ठोके त्याखाली गेले की ते मदतीला येतं, एरवी नुसतं लक्ष ठेवतं. त्यामुळे जिना चढून नाडी ९५ झाली तर मशीन बिघडलं असं समजू नका. बायकांना आणखी एक त्रास असतो, तो कुणी सांगत नाही. ब्लाउजच्या आतला पट्टा नेमका त्या टाक्यावर घासतो. मी तिथे मऊ सुती कापडाची घडी ठेवायचे, आणि लाज सोडून हे नर्सबाईंना विचारलं तेव्हाच कळलं की कितीतरी जणी तेच करतात. रडू येणं, चिडचिड, रात्रीची धास्ती बरेच आठवडे टिकली, तर तपासणीच्या वेळी तेही सांगा. ते दुखण्यातच मोडतं.

खरे धोके त्या मेसेजने वगळलेत. जखम लाल झाली, सुजली, पाणी आलं, ताप आला, किंवा पुन्हा चक्कर आली, तर हळद-तूप न लावता त्याच दिवशी दवाखाना गाठा. घरोघरी विकायला येणाऱ्या चुंबकाच्या गाद्या घेऊ नका. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत इंडक्शन भट्टीजवळ, आर्क वेल्डिंगवर काम असेल, तर डॉक्टरांना कामाचं स्वरूप सांगितल्याशिवाय रुजू होऊ नका. आणि गुडघ्याला मशीनचा शेक घ्यायला गेलात, तर पालथं-उताणं व्हायच्या आधीच पेसमेकर आहे म्हणून सांगा. डायथर्मीचा, म्हणजे विजेच्या लहरींनी आतपर्यंत ऊब देणाऱ्या मशीनचा, शेक आपल्याला अंगावर कुठेच चालत नाही.