आजींना कडकच लागते म्हणे

आज दुपारी आईसाठी गादी बघायला आम्ही पुण्यातल्या एका मोठ्या दुकानात गेलो होतो. तिथून निघून सहा तास झाले तरी माझा संताप ओसरलेला नाही, म्हणून हे लिहितो आहे. आई ७६ वर्षांची आहे. तिची कंबर दुखते, आणि रात्रीचे जेवण कितीही लवकर उरकले तरी आडवे झाल्यावर आंबट पाणी घशाशी येते. विक्रेत्याने तिच्याकडे एकदाही न बघता मला बजेट विचारले आणि माझे उत्तर येण्याआधीच निकाल देऊन टाकला, "आजींना ना, कडकच लागते. ऑर्थोपेडिक घ्या." मग तिला चपला काढायला लावून एका गादीवर निजवले आणि अर्ध्या मिनिटात विचारले, "कसं वाटतंय आजी?" परक्या पुरुषासमोर, चार गिऱ्हाइकांच्या देखत आडवी झालेली ७६ वर्षांची बाई दुसरे काय सांगणार? पदर सावरत "छान आहे हो" म्हणाली आणि उठून बसली. त्याने लगेच बिलाचे पुस्तक उघडले.

मी लॅटेक्सची, म्हणजे रबरी फोमची, गादी मागितली तेव्हा त्याने तत्परतेने एक दाखवली. खोळीची चेन उघडायला सांगितल्यावर मात्र तो जरा घुटमळला. आत वर एक इंच पिवळसर लॅटेक्स होते आणि त्याखाली पाच इंच साधा फोम. नाव लॅटेक्सचे, किंमतही लॅटेक्सचीच. "सगळे असंच देतात, साहेब." देत असतील. म्हणून मी का घ्यावी?

आता मला एवढा राग का यावा, असे तुमच्यातल्या काही जणांना वाटेल. माझ्या मित्रांपैकी बहुतेकांनी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पाहिले आहे, पण त्यांची शेवटची दोन वर्षे फार थोड्यांनी पाहिली. आईसारखाच त्रास त्यांना होता, आणि सपाट झोपले की खोकल्याची उबळ येऊन ते उठून बसत. आम्ही काय केले, तर उशा वाढवल्या. दोनाच्या तीन, तीनाच्या चार, शेवटी पाठीशी गुंडाळलेली सतरंजीसुद्धा. त्या ढिगावर त्यांची मान पुढे मोडायची, पोट दुमडायचे, आणि पोटावर दाब आला की ज्या त्रासासाठी हा खटाटोप केला तोच वाढायचा. पहाटे पाणी प्यायला उठलो की अण्णा हॉलमधल्या खुर्चीत बसल्याबसल्या डुलक्या घेताना दिसायचे. विचारले की म्हणायचे, "मला काही नको, तू झोप." आणि मी खरोखरच जाऊन झोपायचो. त्या वर्षी आम्ही ५५ इंची टीव्ही घेतला होता.

अखेरच्या पाच आठवड्यांसाठी दवाखान्यातला असतो तसा फाउलर पलंग भाड्याने आणला. पायाशी दोन हँडल असलेला, लोखंडी, रंग उडालेला. सोबत आलेल्या नर्सबाईंनी पहिल्याच दिवशी मला शिकवले, "आधी गुडघे थोडे वर घ्या, मग पाठ. नाहीतर पेशंट रात्रभर खाली घसरत राहतो." कमरेपासून वरचे सगळे अंग एका उतारावर आले, मान मोडली नाही, पोट दुमडले नाही. त्या रात्री अण्णा साडेपाचपर्यंत झोपले. माझ्या मते, दोन वर्षांत पहिल्यांदाच.

म्हणून आईसाठी रिमोटवर वरखाली होणारा पलंगच घ्यायचा, हे मी ठरवले आहे. फाउलरचीच ती मोटार लावलेली घरगुती आवृत्ती. पण त्या पलंगावर कुठलीही गादी चालत नाही. आपल्या घरातली काथ्याची गादी तिथे वाकणारच नाही, आणि जबरदस्तीने वाकवली तर मोडेल. स्प्रिंग एकमेकींत गुंतवलेल्या जुन्या पद्धतीच्या गादीचेही तेच. सहा ते आठ इंचांचे लॅटेक्स मात्र पलंगाबरोबर मुकाट्याने वळते. दुसरे म्हणजे ते दाबले जाते तिथेच दबते आणि लगेच वर उसळते. मेमरी फोममध्ये शरीराचा खळगा तयार होतो, आणि म्हाताऱ्या माणसाला मध्यरात्री त्या खळग्यातून कूस बदलणे म्हणजे चिखलातून पाय काढणे. कडक गादीवर कुशीवर झोपले तर खांदा आणि कंबरेचे हाड आत जात नाही, मधला कणा लोंबकळत राहतो. तरीही "आजींना कडकच!"

लॅटेक्स म्हणजे तरी काय, रबराच्या झाडाचा चीक. आमच्या सिंधुदुर्गात दोडामार्गच्या बाजूला रबराच्या बागा आहेत. झाडाच्या सालीला तिरपा छेद देऊन खाली बांधलेल्या वाट्या मी लहानपणी अण्णांबरोबर पाहिल्या आहेत. डनलॉप पद्धतीत हा चीक इडलीच्या पिठासारखा फेसाळवून साच्यात ओततात आणि वाफेवर पक्का करतात, त्यामुळे खालची बाजू किंचित घट्ट होते. तलाले पद्धतीत साच्यात निर्वात करून आधी गोठवतात, ती गादी जास्त हलकी आणि एकसारखी. आईला डनलॉप पुरे. मात्र "नॅचरल" या शब्दाखाली खनिज तेलापासून बनवलेले कृत्रिम लॅटेक्स किती मिसळले आहे आणि घनता किती आहे, हे लेखी घ्यायचे. ८० किलो प्रति घनमीटर घनतेची सहा इंची एकेरी गादी वीस-बावीस किलोंची भरते, तेव्हा कोणी एका हाताने उचलून दाखवली तर समजावे काय ते.

किंमत अंगावर येते, हे कबूल करतो. पलंग आणि गादी मिळून मला ८५ हजार सांगितले आहेत. कापसाच्या गादीवर जन्म काढून ठणठणीत राहिलेली माणसे असतात, हेही मान्य. माझी आत्या त्यातलीच. रबराची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी या वाटेला जाऊ नये. दिवाणाच्या पेटीतली पितळी भांडी कुठे ठेवायची हा आईचा प्रश्न मी अजून सोडवलेला नाही. आणि गच्चीवर गादी उन्हात टाकायची तिची दर उन्हाळ्यातली सवय बंद करावी लागेल, कारण उन्हाने लॅटेक्स कडक होऊन त्याचा भुगा पडतो. यावर ती अर्धा तास बोलत होती.

वीज गेली तर पलंग वरच अडकून बसेल का, हेही तिनेच विचारले, मला सुचले नव्हते. बॅटरीवर खाली येणारे पलंग असतात, तसाच घ्यायचा. एवढी चौकस बाई त्या दुकानात "छान आहे हो" म्हणून गप्प बसली, हे आठवले की पुन्हा पित्त खवळते. पण खरे सांगायचे तर अर्ध्या मिनिटात विचारून मोकळा होणारा तो पोरगा आणि "तू झोप" ऐकून झोपायला जाणारा मी, यांत फारसा फरक नाही.

संध्याकाळी दुसऱ्या एका छोट्या दुकानात फोन केला. मालकांना स्पष्ट सांगितले की आई जेवून येईल, दिवे बंद करा, अर्धा तास कोणी तिच्याशी बोलायचे नाही, आणि रिमोट तिच्याच हातात द्यायचा. ते हसले आणि म्हणाले, "रविवारी दोनला या, तेव्हा गर्दी नसते." आज बुधवार आहे. आईने आपली उशी, धुतलेला अभ्रा घालून, आत्ताच पिशवीत भरून दाराशी ठेवली आहे.