५०० चा कॉल आणि ३०० चं रेज, असं कसं?

नमस्कार सर, आमच्या पोकर रूमबद्दलचा तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. आमचा डीलर (पत्ते वाटणारा) नेहमीच्या लोकांना झुकतं माप देतो असं तुम्ही लिहिलंय, म्हणून आधी कॅमेऱ्याचं फुटेज बघितलं आणि मगच लिहायला बसलो.

तुमचं म्हणणं असं की समोरच्याने २०० लावले, तुम्ही ५०० ची चिप टाकली तर डीलरने कॉल (म्हणजे समोरच्याएवढेच लावणं) धरला नि ३०० परत सरकवले, आणि थोड्या वेळाने दुसऱ्या एकाने २०० वर नुसते ३०० टाकले तर ते मात्र रेज, म्हणजे वाढवणं. वरवर बघितलं तर कोणाचंही डोकं फिरेल, मान्य. पण तुम्ही एक शब्द न बोलता एकच चिप टाकलीत. न बोलता एकच मोठी चिप टाकली की कॉल, कारण सुट्टे नसले की माणूस हेच करतो, तुमच्या मनात काय होतं ते डीलरला कसं कळणार? त्या दुसऱ्याने १०० च्या तीन चिप्स टाकल्या, कॉलला दोन पुरत होत्या मग तिसरी कशाला? २०० वर रेज करायचं तर कमीत कमी ४०० करावे लागतात, त्या वरच्या २०० मधले निम्मे त्याने टाकलेच होते म्हणून उरलेले १०० पण त्याला भरायला लावले (हे तुम्ही लिहिलंच नाहीत), आणि त्याचं तोंड बघून तरी त्याला रेज करायचंच नव्हतं असं वाटतंय. चिप टाकायच्या आधी नुसतं "रेज" म्हणाला असतात तर तुमचे अख्खे ५०० धरले असते.

दुसरं, तुम्ही चिप्स लावताना म्हणालात ते "तुझे ३००... आणि वर माझे ६००". सिनेमात भारी वाटतं हो, खऱ्या टेबलावर "तुझे ३००" म्हटलं की कॉल झाला, विषय संपला. फुटेजमध्ये दिसतंय, पहिला ढीग ठेवलात, हात मागे नेलात, समोरच्याच्या तोंडाकडे बघितलंत आणि मग दुसरा ढीग उचललात. मुद्दाम केलंत असं म्हणत नाही, पण असाच अंदाज घेत घेत पैसे वाढवणारे असतात म्हणून स्ट्रिंग बेट (असे तुकड्यातुकड्याने पैसे लावणं) पोकर रूममध्ये चालत नाही.

आता आमची चूक. तुम्ही "फ्लोअरला बोलवा" (म्हणजे वाद मिटवणाऱ्या मॅनेजरला) म्हणालात तेव्हा डीलरने तिथेच थांबायला हवं होतं, त्याने पुढचं पान उघडलं. निर्णय तोच लागला असता तरी हे चुकलंच, त्याबद्दल सॉरी, त्याला समज दिलीय.

जिंकलेल्या चिप्स खिशात टाकू दिल्या नाहीत म्हणताय, तर खेळात आहात तोवर त्या टेबलावरच राहणार, उठून जायचं असेल तर सगळ्या घेऊन जा, कोण अडवतंय.

स्टार एकच राहू दे, फक्त डीलरला उद्देशून जो शब्द लिहिलाय तेवढा काढा.